नाटक हा निरोप नव्हे

गेल्या वर्षी एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाने मला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावले. प्रश्नपत्रिकेऐवजी प्रयोग होता आणि विषयाचे नाव होते 'रंगभूमी आणि परिणामकारक संज्ञापन'. मी भाषांतर करते, नाटक शिकवत नाही. पण दोन भाषांत काम करणारे कुणीतरी हवे होते, म्हणून गेले. प्रत्येक विद्यार्थ्याने सात मिनिटांचा प्रवेश स्वतः लिहून सादर करायचा होता.

खानदेशातून आलेली एक मुलगी मंचावर येऊन पायरीवर बसली. वसतिगृहाची मेस बंद झालेली, शेजारी पालथे ताट, कानाला फोन. ती आईशी अहिराणीत बोलत होती आणि आम्हाला तिचीच बाजू ऐकू येत होती. आईने जेवलीस का असे विचारले असावे, कारण तिने हो म्हटले आणि भाजीचे नावही सांगितले. मग गावाकडचे बोलणे, म्हशीचे, धाकट्या भावाच्या शाळेचे. मध्येच ती थांबली. आईने पुन्हा तोच प्रश्न केला असणार. या वेळी उत्तर अहिराणीत आले नाही. "हो, मी जेवले आहे," असे ती पुस्तकी मराठीत म्हणाली. प्रवेश संपला.

आईच्या भाषेत एकदा खोटे बोलता आले. दुसऱ्यांदा बोलायला तिला शाळेत शिकलेली भाषा लागली. ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता, त्या वर्गातल्या हिंदी भाषक मुलांनाही ती उपाशी आहे हे कळले. खोली एकदम गप्प झाली होती.

मग गुणांचा तक्ता भरायची वेळ आली. पहिला रकाना होता 'संदेशाची स्पष्टता', दहा गुण. माझ्या शेजारी बसलेले सहपरीक्षक संज्ञापनाचे प्राध्यापक होते. त्यांनी तीन गुण दिले आणि शेरा लिहिला: 'निम्मे संभाषण कळत नाही. लक्ष्यगट निश्चित नाही.' मी नऊ दिले. सरासरी सहा निघाली, आणि त्या सहाचा कशाशीच संबंध नव्हता. सहपरीक्षक अरसिक होते असे मी म्हणणार नाही. प्रवेश संपताना त्यांनीही चष्मा काढून पुसला, हे मी पाहिले. त्या चष्मा पुसण्याला तक्त्यात रकाना नव्हता, एवढेच.

माझे भांडण त्या तक्त्याशी आहे.

'संदेश', 'प्रेषक', 'ग्राहक', 'अडथळा' हे शब्द नाटकाच्या वर्गात आले कुठून? संज्ञापनाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच जी आकृती असते, तिचे मूळ क्लॉड शॅनन या अभियंत्याच्या १९४८ च्या लेखात आहे. शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होता. तारेतून जाणारा संकेत कमीत कमी बिघाड होऊन पलीकडे कसा पोचेल, हा त्याचा प्रश्न. तो प्रामाणिक माणूस होता. संदेशाला अर्थ असतो हे त्याला माहीत होते, पण अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी त्या अर्थाचा संबंध नाही, असे त्याने लेखाच्या आरंभीच सांगून टाकले. म्हणजे ज्या आकृतीने अर्थाला सुरुवातीलाच रजा दिली, ती आकृती आपण माणसांच्या बोलण्याला लावली आणि नंतर रंगमंचालाही. टेलिफोनच्या तारेत अडथळा हा दोष असतो. त्या मुलीच्या प्रवेशात अडथळा हाच विषय होता.

संज्ञापन आणि नाट्यकला ही जोडगोळीसुद्धा आपली नव्हे. अमेरिकेत १९१४ साली वक्तृत्व शिकवणारे सतरा शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. इंग्रजी विभागांना छापील मजकुराचे प्रेम, उच्चारलेल्या शब्दाला तिथे किंमत नाही, ही त्यांची तक्रार. त्यातून वक्तृत्वाचे विभाग उभे राहिले आणि नाटक बरीच वर्षे त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिले. १९३६ साली नाटकाच्या शिक्षकांनीही आपली चूल वेगळी मांडली. पुढे वक्तृत्वाचे अनेक विभाग 'कम्युनिकेशन' झाले, आणि जिथे नाटक अजून त्याच घरात होते तिथे दारावर दोन्ही नावे लागली. त्या पाटीमागे एक खरे भांडण होते: नाटक हे वाचायचे की बोलायचे? आपण पाटी आणली, भांडण आणले नाही. आपले भांडण वेगळे असायला हवे होते: नाटक बोलायचे, पण कोणाच्या भाषेत?

शेजाराला माझी हरकत नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात नाट्य, नृत्य आणि संज्ञापन हे विषय सरोजिनी नायडूंच्या नावाखाली एकत्र नांदत आले आहेत. पुण्यात ललित कला केंद्र गणेशखिंडीच्या आवारात आणि वृत्तपत्रविद्या व संज्ञापन विभाग फर्ग्युसन रस्त्यावर, असे दोन घरोबे आहेत. एका छपराखाली असोत की दोन, त्याने बिघडत नाही. बिघडते ते एकाने दुसऱ्याची मोजपट्टी उचलली की. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवीचा नवा आराखडा आणला. त्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी किमान आठ 'क्षमतावृद्धी'साठी आहेत आणि भारतीय भाषा व इंग्रजी या दोन्ही तिथे मुख्यतः संज्ञापनाचे कौशल्य म्हणून बसवल्या आहेत. भाषाच कौशल्य ठरली, तर नाटक त्या कौशल्याचे प्रात्यक्षिक ठरायला कितीसा वेळ लागणार? 'व्यक्तिमत्त्व विकासासाठी नाट्यतंत्र' अशा कार्यशाळांची निमंत्रणे मला आताच येतात.

यावर विद्वान मंडळींचे एक उत्तर तयार असते. ते म्हणतात, आपल्या परंपरेत नाट्य म्हणजे संज्ञापनच. नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय 'अभिनय' शब्दाची फोड करून दाखवतो: 'अभि' म्हणजे समोर, 'नी' म्हणजे नेणे. प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकासमोर नेतो तो अभिनय. झाले की संज्ञापन! काही अभ्यासकांनी तर भट्टनायकाच्या साधारणीकरणालाच 'भारतीय संज्ञापन-प्रतिमान' म्हणून पुढे केले आहे.

हा युक्तिवाद मला पटत नाही. तेच नाट्यशास्त्र अभिनयाचे चार प्रकार सांगते: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. बोलणे हा चारातला एक. सात्त्विक भाव आठ आहेत, त्यांत घाम आहे, रोमांच आहे, आवाज फुटणे आहे, रंग उडणे आहे. घाम कुणी कुणाला पाठवत नाही. तो येतो, आणि समोरच्याला दिसतो. शिवाय साधारणीकरणाला सहृदय लागतो, आणि सहृदय हा बाणाच्या टोकाला बसलेला तयार ग्राहक नव्हे. काव्य-नाट्याच्या सहवासाने ज्याचे मन आरशासारखे लख्ख झाले आहे, तो सहृदय. म्हणजे प्रेक्षकाला स्वतः कष्ट करावे लागतात. परदेशी आकृतीवर संस्कृत शब्दांची लेबले चिकटवल्याने ती आकृती आपली होत नाही.

आता तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. १९६७ चे हे नाटक अनेक भारतीय भाषांत गेले आहे, त्यामुळे या पानांच्या वाचकांना ते कुठल्या ना कुठल्या भाषेत भेटले असेल. शेवटाकडे लीला बेणारेला स्वतःच्या बचावासाठी दहा सेकंद मिळतात. ती गप्प राहते. मग कोर्टातली बाकीची माणसे गोठतात आणि बेणारे बोलू लागते, खूप वेळ बोलते, सगळे बोलते. तिचे संपते, माणसे पुन्हा हलू लागतात, आणि न्यायाधीश वेळ संपल्याचे सांगतो. कोर्टाने एक अक्षर ऐकलेले नाही.

तक्ता काढा आणि गुण द्या. प्रेषक आहे, संदेश आहे, वाहिनी आहे. ग्राहकांनी ऐकले? शून्य. परिणाम? शिक्षा तर ठोठावली जातेच. संज्ञापनाच्या हिशेबाने बेणारे नापास आहे, आणि मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत मोठ्या क्षणांपैकी हा एक क्षण याच नापास होण्यावर उभा आहे. जे बोलणे पोचत नाही, ते न पोचणे आपल्याला बसल्या जागी सोसायला लावणे, हे नाटकाचे काम.

भाषांतराबद्दलही लोकांचा हाच गैरसमज असतो, म्हणून मला हे बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते. लोक समजतात की मी एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत पोचवते, पोस्टमनसारखी. मजकूर हा त्यातला सर्वांत सोपा भाग. नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई एका वाक्यात 'अरे' म्हणते, तेव्हा मजकूर बदललेला नसतो, घर बदललेले असते. इंग्रजीत ती दोन्ही वाक्ये एकच होतात. हिंदीत 'आप' आणि 'तुम' हाताशी आहेत, पण मराठी 'अरे'तला चटका 'तुम'मध्ये येत नाही आणि 'तू'मध्ये नको तितका येतो. माझे आठ-आठ दिवस अशा एका संबोधनावर जातात. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊरावच कीर्तनकार होऊन उभा राहतो. गौरी देशपांड्यांनी ते इंग्रजीत नेले, तेव्हा जिच्या कानात कीर्तन नाही अशा भाषेत त्यांना ते उभे करावे लागले. त्या नाटकाचा 'संदेश' काय, असा प्रश्न परीक्षेत विचारता येईल. उत्तर लिहून झाले की कागदावर नाटकातले काहीच उरलेले नसेल.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला पोटाचा. आईबाप कर्ज काढून मुलांना शिकायला पाठवतात. नाटकाची पदवी घेऊन मूल करणार काय? संज्ञापनाची जोड दिली तर जाहिरात, मालिका, निवेदन, कंपन्यांतली प्रशिक्षणे, अशी चार दारे उघडतात. या आक्षेपाला मी हसत नाही, माझाही चरितार्थ तुकड्या-तुकड्यांच्या कामांवर चालतो. पण त्याच अनुभवावरून सांगते, निरोप पोचवण्याचे काम आता यंत्राकडे गेले आहे. माहितीपत्रके, सूचना, उपशीर्षकांचा पहिला खर्डा हे सगळे यंत्र करते आणि स्वस्तात करते. माणसाला पैसे मिळतात ते यंत्र जिथे अडखळते तिथे: कोणी कोणाला काय म्हणून हाक मारली, कुठे थांबला, कुठल्या शब्दाला भाषा बदलली. ज्या मुलीला खोटे बोलताना भाषा बदलते हे दिसले, तिच्याकडे विकण्याजोगे काही आहे. 'स्पष्ट बोला, हात खिशातून काढा, नजर मिळवा' हे शिकायला दोन महिने पुरतात, त्यासाठी तीन वर्षे आणि एक विद्यापीठ लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठ्यांची लोकनाट्ये, पथनाट्ये, यांना संदेश नव्हता काय? होता, आणि त्यांना त्याची लाज नव्हती. पण जलसेकरांनी तो संदेश पत्रकात छापून भागवले नाही. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला आशय उलटा केला. गावाने ज्यांना करमणुकीसाठी नाचवले, त्याच घरांतली माणसे त्याच साच्यात उभी राहून गावाला जाब विचारू लागली. कोण उभे आहे आणि कोणत्या रूपात उभे आहे, हाच तिथे अर्धा युक्तिवाद होता. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला मॉलोयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी जाऊन तेच नाटक पूर्ण केले. त्या दिवशी नाटकात नवा संदेश कोणता होता? संहिता तीच होती. त्या जागी पुन्हा उभे राहणे नवे होते. ते कोणत्या वाहिनीतून पाठवणार?

हे सगळे गुणांच्या तक्त्यापुरते असते तर मी लेख लिहिला नसता. पण नाटकाला निरोप म्हणण्याची किंमत वर्गाबाहेर मोजावी लागते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक प्रयोग बंद पाडण्यात आला. विषय होता रामलीलेत काम करणाऱ्या नटांचे पडद्यामागचे आयुष्य. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली, विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. ते नाटक चांगले होते की कच्चे, हा इथे प्रश्न नाही. विद्यार्थ्यांना कच्चे नाटक करण्याचा हक्क असतो, त्यासाठीच विभाग असतात. प्रश्न असा की सीतेच्या वेशातला नट पडद्यामागे जे बोलतो ते सीतेचे बोलणे नव्हे, आणि त्या नटाचे बोलणे हे विद्यार्थ्याचे किंवा विद्यापीठाचे निवेदन नव्हे, हे ठासून सांगण्याची भाषा कोणाकडे आहे? नट, पात्र आणि पात्राने घेतलेले सोंग यांतले अंतर हाच नाट्यशिक्षणाचा पहिला धडा. पण 'नाटक म्हणजे संदेश' असे विद्यापीठानेच शिकवले असेल, तर तक्रारदार त्याच वाक्याचा आधार घेऊन दारात उभा राहतो: मग हा संदेश कोणाचा, सांगा.

या देशात ही रीत जुनी आहे. दीनबंधू मित्रांचे 'नीलदर्पण' १८६० साली बंगालीत आले. १८६१ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या रेव्हरंड जेम्स लाँग यांना नीळवाल्यांच्या बदनामीबद्दल एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. शिक्षा मूळ नाटकाला झाली नाही, भाषांतराला झाली, ही गोष्ट मी माझ्या टेबलासमोर मनातल्या मनात टांगून ठेवली आहे. १८७६ साली इंग्रजांनी नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा आणला. इंग्रज गेले, तरी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. या प्रत्येक वेळी सत्तेने नाटक कसे वाचले? निरोप म्हणून वाचले. संदर्भ, पात्र, स्वर, अंतर काढून टाका, वाक्य उचला, आरोपपत्रात लिहा. आपल्या वर्गातला तक्ता विद्यार्थ्यांना हेच वाचन शिकवतो, फक्त प्रेमाने.

मग करावे काय? नुसते रडगाणे गाऊन मी थांबणार नाही.

एक, नाट्यविभागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीच्या काळात आपल्याला न येणाऱ्या एका भारतीय भाषेतली एकांकिका आपल्या भाषेत आणावी, इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय, ती भाषा बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून, आणि मग ती करावी. ही कल्पना काही अचाट नाही. तेंडुलकरांनी कर्नाडांचे 'तुघलक' मराठीत आणले, कर्नाडांनी बादल सरकारांचे 'एवम् इंद्रजित' इंग्रजीत नेले. आपली आधुनिक रंगभूमी अशा उसनवारीवर उभी राहिली. ती उसनवारी अभ्यासक्रमात आली पाहिजे.

दोन, विद्यार्थ्याच्या घरची भाषा हा अडथळा मानू नये. अहिराणी, मालवणी, गोंडी, दखनी, जे असेल ते मंचावर येऊ द्यावे आणि ते न कळणाऱ्या परीक्षकाने आपले न कळणे गुणांत वजा करू नये.

तीन, संज्ञापनाच्या प्राध्यापकांनी नाट्यवर्गात जरूर यावे, पण आपले खरे प्रश्न घेऊन यावे. तिकीट कोणाला परवडते? नाट्यगृहात कोण येत नाही? मालिकांनी घरातले बोलणे कसे बदलले? प्रयोगाआधी संहिता कोण वाचतो आणि त्याला तो अधिकार कोणी दिला? रेमंड विल्यम्सनी १९६२ साली संज्ञापनावर पुस्तक लिहिले आणि १९७४ पासून ते केंब्रिजमध्ये नाटकाचे प्राध्यापक होते. दोन्ही विषय एका माणसात नांदू शकतात. त्यासाठी एकाने दुसऱ्याचे दुकान चालवण्याची गरज नसते.

परीक्षा संपल्यावर ती मुलगी पॅसेजमध्ये भेटली. मी तिला विचारले, शेवटचे वाक्य मराठीत का?

"अहिराणीत म्हटलं असतं तर आईने लगेच ओळखलं असतं, मॅडम," ती म्हणाली. "मराठीत तिला माझा आवाज नीट कळत नाही."

यंदा त्याच विभागाचे पत्र पुन्हा आले आहे. सोबत तक्ता जोडला आहे, पहिला रकाना तसाच आहे. मी जाणार आहे. त्या रकान्यात गुण भरणार नाही, कारण लिहीन, आणि शेजारच्या परीक्षकांनाही ते वाचायला देईन.